बर्फाचीं घरें

(नभोवाणीवरील भाषण)

ज्या प्रांतांत गोठलेलें पाणी पाहण्यासाठीं मनुष्याला बर्फाच्या कारखान्याकडे किंवा घरांतल्या शीतपेटीकडे जावें लागतें, त्या प्रांतांतल्या एका निवृत्त शिक्षकानें बर्फाच्या घरांवर बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांना धाडसाचें वाटेल. मलाहि तें तसेंच वाटतें. मी शिकलों मॅट्रिकपर्यंत. जन्म गेला कोंकणपट्टींत. हिम म्हणून जें डोळ्यांनीं पाहिलें तें आयुष्यांत एकदांच, आणि तेंहि उत्तरेच्या यात्रेंत, मे महिन्यांत, रस्त्याच्या कडेला धुळीनें काळवंडून पडलेलें. तरीहि हा विषय मीं आपण होऊन मागून घेतला. कारण असें कीं, या विषयांत एका विद्यार्थ्याचें देणें माझ्याकडे जवळजवळ चाळीस वर्षें थकलें आहे.

गोष्ट १९८७ सालची. बंदराच्या एका गांवीं मी चौथीच्या वर्गाला भूगोल शिकवीत होतों. हातांतल्या पुस्तकांत 'एस्किमो' लोकांचा धडा होता. (त्या लोकांना हें नांव आवडत नाहीं; ते स्वतःला 'इन्युइट' म्हणजे 'माणसें' म्हणवितात, आणि मीहि यापुढें तसेंच म्हणेन.) हे लोक बर्फाच्या लाद्यांचीं घुमटाकार घरें बांधतात व त्यांत उबदार राहतात, असें एक वाक्य त्या धड्यांत होतें. मीं तें वाचून दाखविलें. तोंच मागच्या बांकावरून एक मुलगा उठला. त्याचा बाप बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यांत कामाला होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "लाद्यांचं घर गरम कसं असेल? आमच्या बाबांच्या कारखान्यांत लाद्या ठेवायची खोली आहे. तिथं कुणी रात्रीं झोपला तर सकाळीं उठायचाच नाहीं. आणि चूल पेटवली तर घर वितळेल."

वर्ग खदखदून हंसला. मला उत्तर येत नव्हतें. तें येत नाहीं असें सांगण्याऐवजीं मीं म्हटलें, "पुस्तक लिहिणारे तुझ्यापेक्षां शहाणे आहेत. खालीं बस." तो खालीं बसला, आणि धडा पुढें चालला.

निवृत्तीनंतर वाचावयास सवड मिळाली, तेव्हां कळून आलें कीं, त्या दिवशीं वर्गांत बर्फ ज्याला ठाऊक होता असा एकच इसम होता, आणि तो मी नव्हतों.

आधीं शब्दांचा घोटाळा पाहूं. आपल्या बोलण्यांत 'बर्फ' या एका शब्दाखालीं दोन अगदीं निराळ्या वस्तु मोडतात. पाणी आहे त्या जागीं थिजून जो कठीण, पारदर्शक दगड होतो तोहि बर्फ, आणि पिंजलेल्या कापसासारखें आकाशांतून जें उतरतें तेंहि बर्फच. दुसऱ्या वस्तूसाठीं 'हिम' हा चांगला शब्द आपल्याजवळ आहे. परंतु तो आपण काव्यांत आणि हिमालयाच्या नांवांत जपून ठेविला, बाजारांत त्याचें काम पडलें नाहीं. आमच्या पुस्तकाच्या लेखकानें 'हिमाच्या विटा' म्हणावयाच्या ठिकाणीं 'बर्फाच्या लाद्या' म्हटलें, आणि एवढ्यानेंच सगळा धडा खोटा झाला. इन्युइट लोकांचें घर बर्फाचें नसतें. तें हिमाचें असतें.

यानें काय फरक पडतो? गोधडींत जी ऊब असते ती चिंध्यांची नव्हे. चिंध्यांच्या थरांत अडकून पडलेल्या हवेची असते. हवा जागच्या जागीं कोंडली गेली म्हणजे तिच्यांतून उष्णता फार सावकाश बाहेर पडते. नुकत्याच पडलेल्या भुसभुशीत हिमांत दहा भागांपैकीं नऊ भाग हवाच असते. वाऱ्यानें दडपून घट्ट झालेल्या आणि विटा कापण्याजोग्या हिमांतहि निम्म्याहून अधिक हवा असते. कारखान्याच्या लादींत अशी हवा नसते. तिच्यांतून उष्णता हिमाच्या कित्येक पट वेगानें निसटते. म्हणजे हिमाचें घर ही एक गोधडी आहे, आणि लाद्यांचें घर म्हणजे माझ्या विद्यार्थ्यानें वर्णन केलेली खोली.

हें घर बांधतात कसें, तेंहि ऐकण्यासारखें आहे. फ्रान्झ बोआस नांवाच्या जर्मन पंडितानें १८८३-८४ चा हिवाळा कॅनडाच्या उत्तरेकडील बॅफिन बेटावर या लोकांत काढला, आणि १८८८ सालीं त्यांच्याविषयीं एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या व त्याच्या मागून गेलेल्या प्रवाशांच्या लिहिण्यावरून रीत समजते ती अशी. बांधणारा प्रथम हिम पारखतो. एक बारीक काठी तो हिमांत खुपसून पाहतो. ती सगळीकडे सारख्या जोरानें आंत गेली तर तें हिम एकाच वादळांत साचलेलें, एकजीव आहे असें समजावयाचें. मध्येंच अडखळली तर थर निराळे आहेत. अशा हिमाची वीट उचलतांना दुभंगते. जागा ठरली म्हणजे हाडाच्या किंवा हस्तिदंती लांब सुरीनें तो विटा कापूं लागतो, आणि त्या घराच्या आंतल्या बाजूच्याच जमिनींतून कापतो. त्यामुळें भिंत वर चढते आणि जमीन खालीं जाते, व अर्ध्या श्रमांत उंची मिळते.

पहिला थर वर्तुळांत मांडला कीं, त्याचा माथा तो उताराप्रमाणें तासतो. त्या उतारावरून पुढच्या विटा मळसूत्रासारख्या वर चढत जातात. एक थर संपून दुसरा सुरू झाला असें होतच नाहीं. यांत मोठी युक्ति आहे. प्रत्येक वीट खालच्या विटेवर बसते तशीच मागच्या विटेलाहि टेकते, म्हणून आंत कललेली असूनहि ती पडत नाहीं. आपल्याकडच्या गवंड्याला घुमट बांधावयाचा तर खालून लाकडी सांगाडा उभारावा लागतो; या माणसाला कसलाहि आधार लागत नाहीं. तो आंत उभा राहून स्वतःभोंवतीं घर वळवीत जातो आणि शेवटीं आपणच कोंडला जातो. मग माथ्याची शेवटची वीट उभी करून भोंकांतून बाहेर काढतो, आडवी करून अलगद खालीं बसवितो, आणि त्यानंतर दाराची जागा कापून बाहेर येतो. बाहेर बायकामुलें सांध्यांतून मऊ हिम भरीत असतात. प्रवासांत एका रात्रीपुरतें घर लागलें, तर सरावलेल्या माणसाला तास-दीड तास पुरतो.

आंतली रचना त्याहून शहाणपणाची. दार जमिनीच्या पातळीला किंवा तिच्याहि खालीं, बोगद्यासारखें. झोपण्याचा ओटा त्याच्याहून उंच. गार हवा जड असते, ती दाराकडच्या खळग्यांत बसून राहते. ऊब वर, ओट्यापाशीं राहते. ओट्यावर कातडीं अंथरलेलीं. जवळ दगडाचा उथळ दिवा, त्यांत सीलची चरबी आणि शेवाळाची वात. गोड्या पाण्याच्या बर्फाचा एक पातळ तुकडा भिंतींत बसविला कीं झाली खिडकी. (तेवढा मात्र खरा बर्फ!) माथ्याला धूर व कोंदट हवा जाण्यासाठीं लहानसें छिद्र. बाहेर पारा शून्याखालीं चाळीस अंशांवर असतां आंत तो शून्याच्या आसपास, ओट्यावर त्याहूनहि कांहींसा वर असतो. आपणांला यांत ऊब ती कसली असें वाटेल. पण चाळीस अंशांचा फरक म्हणजे आपल्याकडच्या पौषांतली पहाट आणि वैशाखांतली दुपार यांतल्या फरकाहून अधिक!

आतां मुलाचा दुसरा प्रश्न. दिवा पेटविला तर घर वितळत नाहीं काय? वितळतें, पण बेतानें. आंतली कातडी जराशी पाघळते, तें पाणी मागच्या हिमांत मुरतें आणि दार उघडतांच गोठतें. यानें भिंत उलट बळकट होते; कांहीं दिवसांनीं त्या घुमटावर माणूस चढला तरी तो ढासळत नाहीं. मात्र दिवा फार पेटविला तर आंतून सगळीकडे बर्फाचें कवच चढतें, हवेच्या पोकळ्या भरून जातात आणि घर गार पडूं लागतें. म्हणजे हिमाचें घर जसजसें बर्फाचें होत जातें तसतसें तें बिघडतें. माझ्या पुस्तकाच्या वाक्याचा याहून सरळ पराभव कोणता!

या घरांसंबंधानें एक मौजेची हकीकत सांगतों. रॉबर्ट फ्लाहर्टी या गृहस्थानें १९२२ सालीं 'नानूक ऑफ दि नॉर्थ' हा प्रसिद्ध बोलपट, नव्हे, मूकपट काढला. त्यांत हिमाच्या घरांतलें कौटुंबिक जीवन दाखवावयाचें होतें. परंतु चित्रयंत्र आंत मावेना, म्हणून नेहमींपेक्षां मोठा घुमट बांधावयास घेतला, तो कोसळला. पुढें एक साधला, तर आंत उजेड पुरेना. शेवटीं अर्धें घर कापून टाकलें, आणि त्या उघड्या अर्ध्यांत बिचारीं माणसें कुडकुडत 'घरांत सुखानें झोपल्याचें' सोंग करीत पडलीं. जगभर लाखों लोकांनीं इन्युइट घराचें अंतरंग म्हणून पाहिलें तें हें! आमच्या धड्यालाच एकट्याला दोष कां द्यावा?

हिमाचें घर हें हंगामी घर. वारा हिम घट्ट करूं लागला म्हणजे बांधावयाचें. वसंतांत माथा खचूं लागला कीं तंबूंत जावयाचें. सर्वच इन्युइट लोक हिवाळाभर त्यांत राहत असेंहि नाहीं. ग्रीनलंडांत दगडमातीचीं घरें होतीं, अलास्कांत लांकडाचीं. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कॅनडांतहि बहुतेक मंडळी सरकारी वसाहतींतल्या लांकडी घरांत गेलीं. शिकारीच्या वाटेवर रात्र पडली तर जाणता माणूस आजहि विटा कापतो.

आतां दुसऱ्या प्रकारच्या घराकडे, म्हणजे खऱ्याखुऱ्या लाद्यांच्या घराकडे वळतों. असें घर कोणी बांधलें असेल तर तें राहण्यासाठीं नव्हे. यांतलें सर्वांत नामांकित घर १७४० सालच्या हिवाळ्यांत रशियाच्या सेंट पीटर्सबर्ग शहरीं उभें राहिलें. त्या वर्षीं युरोपांत थंडीचा कहर होता. रशियाच्या गादीवर सम्राज्ञी ॲना इव्हानोव्हना होती. तुर्कांशीं चाललेलें युद्ध नुकतेंच संपलें होतें आणि दरबाराला उत्सव हवा होता. प्योत्र येरोपकिन या वास्तुशास्त्रज्ञानें आराखडा केला. गेओर्ग वोल्फगांग क्राफ्ट या शास्त्रज्ञानें त्या बांधकामाची टिपणें ठेवून १७४१ सालीं सचित्र वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून आज आपणांला त्यांतली वीट न् वीट माहीत आहे.

नेव्हा नदीवरच्या बर्फाच्या स्वच्छ लाद्या कापून, मापानें घडवून, एकावर एक ठेवीत आणि मध्यें पाणी ओतीत. तें तत्काळ गोठे. चुन्याचें काम पाण्यानेंच केलें. वाडा सुमारें ५६ फूट लांब, साडेसतरा फूट रुंद आणि २१ फूट उंच होता. पाहणाराला तो एकाच निळसर रत्नांतून कोरून काढल्यासारखा वाटे. अंगणांत बर्फाचीं झाडें, त्यांवर बर्फाचे पक्षी. दारापुढें बर्फाच्या सहा तोफा. आणि त्या शोभेच्या नव्हत्या! खरी दारू भरून त्या उडविल्या, तेव्हां एका गोळ्यानें साठ पावलांवरची दोन इंच जाडीची फळी फोडली, असें क्राफ्ट लिहितो. शेजारीं खऱ्या मापाचा बर्फाचा हत्ती. दिवसा तो सोंडेंतून पाण्याचा फवारा उडवी, रात्रीं पेटत्या तेलाचा. आणि पोटांत दडलेला माणूस शिंग फुंकून चीत्कार करी. आंत शयनगृह होतें. त्यांत पलंग, गादी, उशा, दोन रात्रटोप आणि पलंगाखालीं सपातांचे जोड, सगळें बर्फाचें. चुलींत बर्फाचीं लांकडें. त्यांना तेल चोपडून पेटविलीं म्हणजे घटकाभर जळत. मेजावर खेळावयाचे पत्ते थिजवून ठेविलेले.

कारागिरी अशी कीं, वाचतांना तोंडांत बोट जावें. पण पलंग कोणासाठीं, हें विचारलें म्हणजे बोट तोंडांतून निघतें.

मिखाइल गोलित्सिन नांवाचा एक मोठ्या घराण्यांतला सरदार होता. परदेशीं असतां त्यानें एका कॅथॉलिक स्त्रीशीं विवाह करून तिचा पंथ स्वीकारला. या अपराधासाठीं सम्राज्ञीनें त्याचें लग्न मोडलें, आणि त्याला दरबारांत विदूषक करून पाहुण्यांना पेय वाढण्याचें काम दिलें. मग तिच्या मनांत आलें कीं, याचें पुन्हां लग्न लावावें. वधू ठरविली ती आपल्याच पदरची बुझेनिनोवा नांवाची काल्मुक जातीची दासी. साम्राज्यांतल्या निरनिराळ्या जमातींची एकेक जोडी आपापल्या वेषांत वरातीसाठीं बोलाविली. कोणी उंटांवर, कोणी सांबरांच्या, कोणी डुकरांच्या गाड्यांत. वधूवरांना लोखंडी पिंजऱ्यांत घालून खऱ्या हत्तीवर चढविलें. वासिली त्रेदियाकोव्हस्की हा त्या काळचा विद्वान कवि. या लग्नासाठीं त्याच्याकडून कविता करवून घ्यावयाची होती. त्यांत कुरबुर झाली म्हणून उत्सवाचा प्रमुख, मंत्री व्होलिन्स्की, यानें त्याला बेदम मारलें आणि मुखवटा चढवून ती कविता म्हणावयास लावलें. मेजवानी झाल्यावर नवराबायकोंना त्या बर्फाच्या शयनगृहांत नेऊन सोडलें, आणि सकाळपर्यंत बाहेर पडूं नयेत म्हणून दारावर पहारा बसविला.

'तिथं कुणी रात्रीं झोपला तर सकाळीं उठायचाच नाहीं.' माझ्या विद्यार्थ्याचें हें वाक्य मला क्राफ्टचें वर्णन वाचतांना आठवलें, आणि अंगावर कांटा आला. दहा वर्षांच्या पोराला जें ठाऊक होतें तें त्या सम्राज्ञीला ठाऊक नसेल काय? ठाऊक होतें, तोच तर विनोद होता.

दोघेंहि जगलीं. वधूनें आपल्या गळ्यांतले मोत्यें देऊन पहारेकऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट मिळविला, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, मला सांगावीशी वाटते. वाडा मार्चअखेरपर्यंत टिकला आणि वितळला. जूनमध्यें तो मारकुटा व्होलिन्स्की आणि वास्तुशास्त्रज्ञ येरोपकिन, दोघांचाहि राजद्रोहाच्या आरोपाखालीं शिरच्छेद झाला. ऑक्टोबरांत सम्राज्ञी मरण पावली आणि तिच्या पश्चात् विदूषकांचा तांडा मोडला. गोलित्सिन मात्र त्यानंतर कित्येक वर्षें जगला.

इतकें क्रूर कांहीं पुढें घडलें नाहीं; म्हणून पुढचा इतिहास मी झटपट सांगतों. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत नद्या-तळ्यांवरचा बर्फ कापून विकण्याचा मोठा धंदा झाला. १८३३ सालीं बॉस्टनहून निघालेल्या जहाजानें १८० टन बर्फ लांकडाच्या भुशांत गुंडाळून कलकत्त्यास धाडला, आणि विषुववृत्त दोनदां ओलांडूनहि त्यांतला सुमारें १०० टन शाबूत पोंचला. पुढें मुंबईसहि तो येऊं लागला. या धंद्यामुळें लादी सरळ कापणारीं हत्यारें, तीं ओढणारे घोडे आणि हिवाळ्यांत हाताला काम शोधणारे सरावाचे मजूर तयार झाले. त्यांच्या जोरावर कॅनडांतल्या माँट्रियल शहरानें १८८३ सालच्या हिवाळी उत्सवांत बर्फाचा किल्ला उभा केला. तेथें देवीची सांथ आल्यामुळें १८८६ सालचा उत्सव राहिला, तेव्हां माँट्रियलचेच बांधकामवाले अमेरिकेंतल्या सेंट पॉल शहरीं गेले व तेथें त्यांनीं शंभर फुटांहून उंच वाडा बांधला.

यांतला एक वाडा मात्र मला चटका लावून गेला. कोलोरॅडो संस्थानांत दहा हजार फूट उंचीवर लेडव्हिल नांवाचें चांदीच्या खाणींचें गांव आहे. १८९३ सालीं अमेरिकन सरकारनें चांदीची ठराविक खरेदी बंद केली, भाव कोसळला आणि गांव ओस पडूं लागलें. तेव्हां गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली. जवळ होतें काय, तर थंडी. तीच विकावयाची असें ठरलें. तीन एकरांहून मोठ्या जागेवर सुमारें ५,००० टन बर्फाचा वाडा बांधला. नव्वद फुटी मनोरे, आंत घसरून खेळण्याचें मोठें अंगण, नृत्यगृहें, उपाहारगृह. बांधकाम चालू असतांनाच गरम वारे सुटले आणि भिंतींवरून पाण्याच्या धारा लागल्या. मजुरांनीं रात्रंदिवस पाणी शिंपून त्या पुन्हां गोठविल्या. १ जानेवारी १८९६ रोजीं दारें उघडलीं. आगगाड्या भरभरून माणसें आलीं. परंतु त्यांनीं शिदोऱ्या बरोबर आणल्या, वाडा पाहिला आणि संध्याकाळच्या गाडीनें परत गेलीं. गांवांत पैसा राहिला नाहीं. मार्चअखेर वाडा बंद झाला, आणि तसा पुन्हां कधीं बांधला गेला नाहीं. आपल्या गांवासाठीं चार लोकांकडे वर्गणीचें पुस्तक घेऊन हिंडलेल्या माणसाला त्या मंडळींची मनःस्थिति समजेल.

पूर्वेकडे हें प्रकरण अधिक सौम्य आहे. चीनमधील हार्बिन शहरीं बर्फाच्या दिव्यांची जुनी चाल आहे. कोळी लोक बादलीभर पाणी थंडींत ठेवीत. बाहेरचें कवच गोठलें कीं आंतलें न गोठलेलें पाणी ओतून देत आणि त्या पोकळींत मेणबत्ती लावीत. तेथें १९८५ पासून दर हिवाळ्यांत सोंग्हुआ नदीच्या बर्फाचें शहरच्या शहर उभें राहतें, आणि भिंतींच्या पोटांतून रंगीत दिवे लावतात. त्या बादलींतल्या दिव्याचाच तो वाढलेला वंश. जपानांत योकोते गांवीं फेब्रुवारीच्या १५-१६ तारखांना हिमाच्या ढिगाऱ्यांत लहान लहान खोल्या पोखरतात. आंत जलदेवतेचा देव्हारा असतो. मुलें शेगडीशीं बसतात आणि वाटेनें जाणारायेणाराला आंत बोलावून तांदळाचें गोड पेय नि वड्या देतात. माझ्या मनाला हीं घरें सर्वांत आवडलीं. मोठीं माणसें तेथें पाहुणीं असतात.

आणि आतां लोक पैसे मोजून लाद्यांच्या खोलींत झोपूं लागले आहेत! स्वीडनच्या उत्तर टोंकाला, उत्तर ध्रुववृत्ताच्याहि पलीकडे, टोर्ने नदीच्या कांठीं युक्कास्यार्वी नांवाचें खेडें आहे. १९९० सालीं तेथें हिमाच्या एका दालनांत चित्रप्रदर्शन भरलें होतें. एका रात्रीं गांवांत कोठें जागा मिळेना, म्हणून कांहीं पाहुणे सांबराचीं कातडीं घेऊन त्या दालनांतच झोपले, आणि सकाळीं आनंदानें उठले. त्यांतून तें प्रसिद्ध हॉटेल जन्मास आलें. मार्चच्या सुमारास नदीवरच्या लाद्या कापून कोठारांत ठेवितात, कारण तेव्हां बर्फ सर्वांत जाड व निर्मळ असतो. नोव्हेंबरांत बांधकाम, डिसेंबरांत पाहुणे. कमानी लोखंडी सांच्यांवर हिम उडवून घडवितात, आणि खांब व शिल्पें लाद्यांचीं. म्हणजे ऊब धरावयास हिम आणि डोळ्यांना बर्फ, अशी वांटणी केलेली आहे. आंत शून्याखालीं पांच ते आठ अंश. पण गोलित्सिनला न मिळालेली जाड निद्रापिशवी येथें मिळते, आणि दारावर पहारा नसतो. हिवाळ्यापुरता बांधलेला भाग वसंतांत पुन्हां नदीला मिळतो.

अलीकडे मात्र हिवाळाच भरवशाचा राहिलेला नाहीं. जपानांतल्या साप्पोरो शहराचा हिमोत्सव जगप्रसिद्ध; पण २०२० सालीं हिम इतकें कमी पडलें कीं, तें लांबच्या गांवांहून मोटारींत भरून आणावें लागलें.

आपल्या देशांत काश्मिरांतल्या गुलमर्ग येथें २०२१ सालीं हिमाच्या घुमटांत उपाहारगृह निघालें. हौसेची गोष्ट, हौसेपुरती ठीक. त्याहून लडाखांतला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. लडाखांत पाऊस नांवापुरता. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत करावी लागते. पण हिमनद्या जूनपर्यंत वितळत नाहींत. हिवाळ्यांत ओढ्याचें पाणी फुकट वाहून जातें आणि हवें तेव्हां थेंब नाहीं! सोनम वांगचुक या इंजिनियरानें २०१३-१४ च्या हिवाळ्यांत उंचावरच्या ओढ्याचें पाणी नळानें खालीं आणून कारंज्यासारखें उभें उडविलें. यंत्र नाहीं, वीज नाहीं. पाणी आपल्याच भारानें चढतें, आणि हवेंत उडतांना गोठून खालीं सांचतें. असा निमुळता डोंगर होतो. त्याला 'हिमस्तूप' म्हणतात. तेंच पाणी जमिनीवर पसरून गोठविलें असतें तर उन्हानें केव्हांच वितळलें असतें. शंकूच्या आकारांत पुष्कळ पाणी मावतें आणि उन्हाला अंग थोडें सांपडतें. पहिला स्तूप सुमारें वीस फुटांचा होता, तो मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरला. पुढच्या वर्षीं फ्यांग गांवीं चौसष्ट फुटांचा केला, तो जुलैपर्यंत टिकला आणि त्याच्या पाण्यावर नवीं रोपें जगलीं. आजवर सांगितलेल्या सर्व इमारतींत वितळावी म्हणूनच बांधलेली एवढी एकच.

आतां माझ्या देण्याकडे येतों. गेल्या वर्षीं त्या बंदराच्या गांवीं जाण्याचा योग आला. धक्क्यावर होड्यांत बर्फ भरण्याचें काम चाललें होतें. तेथें देखरेख करणाऱ्या एका पोक्त गृहस्थानें मला ओळखून पायांना हात लावला. तोच तो मुलगा. आतां केस पिकलेले. चहा मागविला. मीं म्हटलें, "अरे, तुझं त्या दिवशीं बरोबर होतं. चूक माझी होती."

"कुठलं, गुरुजी?" तो म्हणाला. त्याला कांहींच आठवत नव्हतें. मीं सारी हकीकत सांगितली. हिम निराळें, बर्फ निराळा, गोधडी, दिवा, सारें. त्यानें लक्ष देऊन ऐकलें, आणि लादीवरचा भुसा हातानें झाडीत, पूर्वीं विचारी तसाच मान तिरकी करून विचारलें, "मग छतांतून पाणी ठिबकत नाहीं?"

या वेळीं मला उत्तर येत होतें. घुमट आंतून गुळगुळीत तासलेला असला तर पाणी उतारानें भिंतींत मुरतें. तरीहि कोठें ठिबकूं लागलें, तर हिमाचा एक गोळा तेथें दाबून बसवितात, तो पाणी शोषून घेतो. भिजून जड झाला कीं, पडण्याआधीं बदलावयाचा.

"म्हणजे बोळा," तो म्हणाला, आणि पुढची लादी सरकवावयास माणसांना हांक मारून उठला.